जिन : उच्चार एक, घराणी अनेक

दिवाळीच्या आगेमागे झरी जामणी तालुक्यात कापसाचा वेचा घरात येऊ लागतो आणि चहाच्या टपरीपासून बाजार समितीपर्यंत एक शब्द वरचेवर कानावर पडतो. जिनिंगवर आज काय भाव निघाला? जिनिंगचा काटा सुरू झाला का? पैनगंगेच्या अलीकडच्या या मुलखात मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि तेलुगूही बोलली जाते. घरात भाषा कोणतीही असो, गाडीत भरलेला कापूस शेवटी जातो तो जिनिंगवरच. शब्द इंग्रजी आहे याची आठवणही आता कुणाला होत नाही.

या 'जिनिंग'च्या पोटात 'जिन' बसला आहे. इंग्रजी शब्दकोशात हा शब्द काढून पाहिला तर एका स्पेलिंगखाली वेगवेगळ्या नोंदी सापडतात. कापसातली सरकी काढणारे यंत्र म्हणजे जिन. जनावर पकडायचा सापळा म्हणजे जिन. ओझे वर खेचायची यारी म्हणजे जिन. एक दारू, पत्त्यांचा एक डाव आणि एक जुने क्रियापद, तेही जिन. मराठीत तर याच उच्चाराच्या आसपास आणखी गर्दी आहे : घोड्यावरचे जीन, जीनचे कापड, गोष्टीतला जिन्न, जैनांचा जिन आणि कपाशीच्या बियाण्यातला तो बहुचर्चित जीन. यांतले कोण कोणाचे नातलग आणि कोण केवळ नामसाधर्म्याचे धनी, याचा निवाडा करायचा तर प्रत्येकाचा प्रवास वेगवेगळा तपासावा लागतो.

बुद्धीचे यंत्र कसे झाले

सरकी काढणाऱ्या जिनपासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये 'इंगेनिउम' असा शब्द होता. त्याचा अर्थ उपजत बुद्धी, जन्मासोबत आलेली हुशारी. हुशारीतून युक्ती निघते आणि युक्तीतून साधन तयार होते. मध्ययुगात हाच शब्द साधनाला, विशेषतः किल्ल्याच्या तटावर दगड फेकणाऱ्या युद्धयंत्राला लावू लागले. अशी यंत्रे रचणारा तो 'इंगेनिआतोर'. आजचा इंजिनिअर त्याचा वंशज आहे. म्हणजे इंजिनिअरचा मूळ धंदा पूल बांधण्याचा नव्हता, तट फोडण्याचा होता.

जुन्या फ्रेंचमध्ये 'इंगेनिउम'चे 'आंजँ' झाले. तो शब्द इंग्लंडात गेला आणि तेथे त्याची दोन रूपे रुळली. पूर्ण राहिले ते 'एंजिन', आणि पहिले अक्षर गळून उरले ते 'जिन'. सुमारे ८०० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या आखूड रूपाचे अर्थ युक्ती, कपट, फास आणि यंत्र असे एकाच रांगेत होते. फासेपारध्याचा सापळाही जिन आणि गवंड्याची ओझे उचलायची कप्पीही जिन, कारण दोन्हींत माणसाने डोके लढवलेले असते. इंग्लंडमधल्या कोळसा खाणींत घोडे गोल फिरवून मोठ्या रहाटाने कोळसा वर ओढत, त्या रहाटालाही 'घोड्याचा जिन' म्हणत.

झरी जामणीत या शब्दाची दोन्ही रूपे शेजारी नांदतात. माजरी-वणी-मुकुटबन-आदिलाबाद मार्गावरून आगगाडीचे इंजिन जाते, कोळशाचे पट्टे याच भागात आहेत, नाल्याकाठी पाणी उपसणाऱ्या डिझेल पंपालाही शेतकरी इंजिनच म्हणतो. कापूस मात्र जातो जिनिंगवर. एकाच शब्दाचे थोरले आणि धाकटे रूप एकाच शेतकऱ्याच्या तोंडी असते, आणि ती भावंडे आहेत अशी शंकाही येत नाही.

रेच्यापासून जिनिंगपर्यंत

नाव परदेशी असले तरी काम आपल्याकडे फार जुने आहे. कपाशीच्या बोंडातला धागा सरकीला घट्ट चिकटून असतो. तो मोकळा केल्याशिवाय ना पिंजता येतो ना कातता. जाड पाटावर कापूस पसरून त्यावर लोखंडी रूळ फिरवला की धागा पुढे सरकतो आणि सरकी मागे राहते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत असा रूळ वापरणारी स्त्री असल्याचे जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी दाखवून दिले आहे. खादीच्या कार्यकर्त्यांनी हेच साधन 'सलाई-पटरी' या नावाने विसाव्या शतकात पुन्हा हाती घेतले. पुढची पायरी म्हणजे दोन रुळांचा रेचा किंवा चरखी. एका बाजूने कापूस सारायचा आणि दांडा फिरवायचा. रुळांच्या फटीतून रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. इंग्रजांनी चरखीचे 'चर्का' केले आणि त्याला 'चर्का जिन' म्हटले.

अमेरिकेच्या दक्षिणेत पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाला रूळ पुरेनात. १७९३ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका मळ्यावर एलाय व्हिटनी या तरुणाने काट्यांच्या रुळाचे यंत्र बनवले, आणि १४ मार्च १७९४ रोजी त्याला पेटंट मिळाले. जाळीच्या फटीतून काटे धागा ओढून घेत, फट अरुंद असल्याने सरकी अडून राही. काट्यांच्या जागी पुढे करवतीच्या चकत्या आल्या. यंत्राने काम हलके झाले, माणसांचे ओझे मात्र वाढले. सरकी काढणे सोपे होताच कापसाचे मळे पसरले आणि ते कसायला गुलामांची मागणी वाढली. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ती संख्या ४० लाखांच्या घरात पोचली. बुद्धीच्या नावाने जन्मलेल्या शब्दाला जुना 'फास' हा अर्थही सोडून गेला नव्हता, तो असा.

भारतात हे यंत्र आणि त्याचे नाव आले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. १८४० च्या सुमारास कंपनीने अमेरिकेतून कापसाचे जाणकार मळेवाले आणले आणि करवती जिन चालवून पाहिले. धारवाड भागात अमेरिकी वाणाची लागवड त्यातून वाढली. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांचे डोळे वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे लागले. पाठोपाठ रेल्वे आली. खामगाव, अमरावती आणि हिंगणघाटचे कापूसबाजार फुगले. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्यामागेही कापूस जवळ असण्याचा हिशेब होता. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने 'वूण जिल्हा' म्हणून ओळखला जाई. यवतमाळचे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले.

वाफेवर चालणारे जिन आणि गाठी दाबणारे प्रेस एकाच आवारात उभे राहू लागले आणि 'जिनिंग-प्रेसिंग' ही जोडी मराठीत कायमची रुजली. १९२५ च्या कायद्याने कारखान्यांना प्रत्येक गाठीवर आपली खूण आणि क्रमांक घालणे भाग पाडले, म्हणजे भेसळ कोठे झाली ते पुढे सापडावे.

गंमत अशी की व्हिटनीच्या वंशातला करवती जिन भारतात फारसा रुळला नाही. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत आजही दुहेरी रुळाचे जिन चालतात. त्यांचा पूर्वज म्हणजे १८४० मध्ये फोन्स मॅकार्थी याने अमेरिकेत पेटंट घेतलेले यंत्र. चामड्याचा खरबरीत रूळ धागा धरून ओढतो, त्याला टेकलेली स्थिर पाती सरकीला अडवते आणि वरखाली होणारी दुसरी पाती तिला ठोसून सोडवते. करवतीचा वेग जास्त, पण रुळावर धागा कमी तुटतो. साधारण ५ क्विंटल कापसातून १७० किलोंची रुईची एक गाठ निघते. १०० किलो कापसामागे किती रुई पडली, याला व्यवहारात 'उतारा' म्हणतात, आणि व्यापाऱ्याचे अर्धे गणित या उताऱ्यावर चालते. उरलेल्या सरकीतून तेल निघते आणि ढेप गुरांपुढे जाते.

झुडपाची दारू

बाटलीतल्या जिनचा या यंत्राशी काडीचाही संबंध नाही. युरोपात जुनिपर नावाचे काटेरी झुडूप होते. लॅटिनमध्ये ते 'युनिपेरुस'. फ्रेंचमध्ये त्याचे 'जनेव्र' झाले, आणि या झुडपाच्या फळांचा वास दिलेल्या दारूला हॉलंडात 'येनेव्हर' म्हणू लागले. इंग्रज सैनिक ती चव घेऊन घरी परतले. उच्चार जमेना, म्हणून त्यांनी तिचे 'जिनीव्हा' केले. मग पुष्कळांना ती स्वित्झर्लंडातल्या जिनीव्हा शहराची दारू वाटू लागली. त्या शहराचा या प्रकरणात काहीच हात नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी 'जिनीव्हा' आखडून 'जिन' झाले, आणि यंत्राच्या जिनशी ते स्पेलिंगसकट जुळले.

लंडनमध्ये ही स्वस्त दारू इतकी माजली की संसदेला तिच्यावर एकामागून एक कायदे करावे लागले. १७५१ च्या कायद्याच्या वेळी विल्यम होगार्थ या चित्रकाराने जिनच्या गल्लीतली दैना दाखवणारे चित्र छापले आणि ते गाजले. भारतातल्या गोऱ्या साहेबांनी मलेरियावरच्या कडू कोयनेलच्या पाण्यात जिन मिसळली, ते मिश्रण आज जगभर पितात. जुनिपर आपल्यालाही परका नाही. हिमालयात वाढणाऱ्या याच झुडपाची फळे आयुर्वेदात 'हपुषा' म्हणून येतात.

पत्त्यांतला 'जिन रमी' हा डाव न्यूयॉर्कमध्ये १९०९ च्या सुमारास प्रचारात आला. रमीत 'रम' ऐकू आली म्हणून कुणीतरी जोडीला 'जिन' बसवली, असे समजतात. म्हणजे हा जिन दारूच्या घरचा, तोही कोटीच्या वाटेने आलेला.

आणखी दोन परके

जुन्या इंग्रजी काव्यात 'जिन'सारखेच लिहिलेले एक क्रियापद भेटते. अर्थ, आरंभ करणे. त्याचा उच्चार 'गिन', आणि ते आजच्या 'बिगिन'चे तुकडा पडलेले रूप आहे. लॅटिनशी त्याचे नाते नाही, ते थेट जर्मॅनिक घराण्यातले.

दुसरा परका अधिक दूरचा आहे. सिडनीच्या परिसरात राहणाऱ्या आदिवासींच्या धारुग भाषेत 'दियिन' म्हणजे स्त्री. १७८८ नंतर तेथे वसाहत करणाऱ्या इंग्रजांनी हा शब्द उचलला, त्याचे 'जिन' केले आणि आदिवासी स्त्रियांसाठी तो वापरू लागले. शब्द मुळात साधा होता. वापरणाऱ्यांच्या तोंडी तो तुच्छतेचा झाला, आणि आज ऑस्ट्रेलियात ती उघड शिवी आहे. कोलाम आणि गोंड वस्त्यांच्या तालुक्यात हे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखाद्या समाजाचा शब्द उचलताना तो समाज त्याचा काय अर्थ घेतो, हे विचारले गेले नाही तर कोणत्याही शब्दाची शिवी होऊ शकते.

मराठीच्या अंगणातले जीन

आता आपल्याकडचे. घोड्याच्या पाठीवरचे जीन फारसीतून आले. मूळ उच्चार 'झीन'. खोगिराचे काम करणारे ते जिनगर. फारसीतला 'झ' मराठीत आला की सहसा दंत्य 'ज' होतो, जसा 'जमीन'मध्ये. मात्र पुढे 'इ' किंवा 'ई' आली की तोच 'ज' तालव्य होतो, जसा 'जिल्हा'मध्ये. त्यामुळे फारसी झीन मराठीत इंग्रजी जिनच्या शेजारी येऊन बसला. हा शेजार मराठी उच्चाराच्या नियमाने घडवला, रक्ताने नाही.

शाळेच्या खाकी चड्डीचे जीनचे जाड कापड जुन्या पिढीला आठवेल. ते आणि आजची जीन्स यांचे मूळ इटलीतल्या जेनोआ बंदरात आहे. फ्रेंच त्या शहराला 'जॅन' म्हणतात, तेथून येणारे जाड सुती कापड इंग्लंडात 'जीन' झाले. डेनिम हे नावही असेच फ्रान्समधल्या नीम शहरावरून पडले. खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याची रिबिटे ठोकण्याचे पेटंट जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी मिळाले. म्हणजे जिनमधून निघालेल्या रुईची पुढे जीन्स होते खरी, तरी दोन्ही नावांची भेट तेवढ्यापुरतीच.

जैनांचा 'जिन' संस्कृत 'जि' धातूतला. अर्थ, जिंकणारा, इंद्रियांवर विजय मिळवलेला. हे घराणे पूर्णपणे वेगळे.

बाटलीतून निघणारा जिन्न अरबी. 'ज-न-न' या मुळाचा अर्थ झाकणे, लपवणे. जिन्न म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत, आणि जिन्नाने झपाटलेला तो मजनू. येथवर हिशेब सरळ आहे. घोटाळा केला तो फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालाँ याने. १७०४ ते १७१७ या काळात अरबी सुरस कथा फ्रेंचमध्ये आणताना 'जिन्न'साठी त्याने 'जेनी' हा आयता फ्रेंच शब्द वापरला. उच्चार जवळचा, अर्थही जवळचा. पण 'जेनी' हा लॅटिन 'गेनिउस'चा वंशज. माणसाच्या जन्मापासून त्याची राखण करणारा अदृश्य देव म्हणजे गेनिउस, आणि इंग्रजीतला जीनियसही तोच. इंग्रजी 'जिनी'त त्यामुळे अर्थ अरबी आणि शब्द लॅटिन अशी अदलाबदल झाली. 'गेनिउस' आणि 'इंगेनिउम' सख्खे आहेत. म्हणून अल्लाउद्दीनच्या दिव्यातला इंग्रजी जिनी आणि सरकी काढणारा जिन नात्यातले निघतात, मूळ अरबी जिन्न मात्र त्या नात्याबाहेर राहतो.

सरकीच्या आतला जीन

राहिला बियाण्यातला जीन. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन याने १९०९ मध्ये आनुवंशिकतेच्या एककाला हे नाव दिले. मुळाशी ग्रीक 'गेनोस', म्हणजे कूळ, वंश. मराठीत आपण त्याला 'जनुक' म्हणतो. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा एक जीन कपाशीत घालून बीटी वाण तयार झाले, आणि मार्च २००२ मध्ये भारतात त्यांच्या लागवडीला परवानगी मिळाली. त्या जीनमुळे झाड स्वतःच बोंडअळीला घातक असे प्रथिन तयार करते. काही वर्षे ते चालले. मग गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळसह विदर्भाने मोठा फटका खाल्ला. ही अळी सरकीत दडून जिनिंगच्या आवारापर्यंत पोचते. तेथून तिचे पतंग पुन्हा शेतात जाऊ नयेत म्हणून जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावायचा सल्ला शास्त्रज्ञ देतात. आठ शतकांपूर्वी ज्या शब्दाचा अर्थ सापळा होता, त्याच्या नावाच्या कारखान्यात आज खरोखरच सापळे टांगावे लागतात.

सरकीच्या आतला जीन आणि सरकी वेगळी करणारा जिन यांचे मात्र खरे नाते आहे. ग्रीक 'गेनोस', लॅटिन 'गेनिउस' आणि 'इंगेनिउम', संस्कृत 'जन्' आणि त्यातून निघालेले जन, जन्म, जाती, हे सगळे एकाच प्राचीन धातूतून आले आहेत. अर्थ, जन्माला घालणे. इंग्रजी 'किन', म्हणजे नातेवाईक, हाही त्याच कुळातला. 'जनुक' हा शब्द घडवणाऱ्याने म्हणून परकीय शब्दाला मराठी सोंग दिले नाही, त्याच धातूच्या भारतीय शाखेतून तो उभा केला.

'ज'चा चकवा

येथे एका मोहापासून सावध राहायला हवे. 'जिन'मध्ये ज आहे, 'जन्म'मध्ये ज आहे, म्हणून दोन्ही एक, असे म्हणणारे उत्तर बरोबर देतात आणि कारण चुकीचे. रोमन माणूस 'इंगेनिउम'मध्ये स्वच्छ 'ग' म्हणत असे. पुढे त्याचा 'ज' झाला तो फ्रान्सच्या भूमीवर, 'ए' आणि 'इ'च्या आधी येणारा 'ग' मऊ पडला म्हणून. संस्कृतातला 'ज' मात्र त्याच्या कितीतरी आधी वेगळ्याच वाटेने झाला. आज दोघे सारखे ऐकू येतात तो योगायोग. नाते सिद्ध होते ते नियमित जुळणीवरून : संस्कृत 'ज', लॅटिन 'ग' आणि जर्मॅनिक 'क' ही त्रयी शब्दामागून शब्दांत दिसते. जन, गेनुस, किन. गुडघा म्हणजे संस्कृत जानु, लॅटिन गेनु, आणि इंग्रजी 'नी', ज्याच्या स्पेलिंगमधला मुका 'क' अजून साक्ष देतो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान मुळातून निघाल्याचे मत मांडले. पुढच्या शतकात अभ्यासकांनी ते अशा नियमांच्या आधारे पक्के केले.

आपल्याकडे व्युत्पत्तीचा खेळ फार आवडीने खेळतात. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असली समीकरणे समाजमाध्यमांवर रोज फिरतात. उच्चार जुळला की मूळ सापडले, असा त्यांचा एकमेव आधार असतो. जिनच्या या घोळक्याने तो आधार पुरता मोडून टाकला आहे. दारू, खोगीर, कापड, जैनांचा जिन आणि अरबी जिन्न हुबेहूब सारखे ऐकू येतात आणि परके निघतात. इंजिन, जीनियस, जनुक आणि जन्म वेगळे दिसतात आणि एका घरचे निघतात.

म्हणून कुणी एखाद्या शब्दाचे मूळ छातीठोकपणे सांगू लागले तर तीन प्रश्न जरूर विचारा. हा शब्द लिखित रूपात सर्वांत आधी कोठे सापडतो? तो एका भाषेतून दुसरीत कोणत्या मार्गाने आणि कोणाबरोबर गेला? आणि ध्वनीचा जो बदल सांगता, तोच बदल इतर शब्दांतही झालेला दिसतो का? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ती व्युत्पत्ती गोष्ट म्हणून खुशाल ऐकावी, माहिती म्हणून पुढे पाठवू नये.